आदिवासी उठावावर प्रोजेक्ट करताय? सोलापुरात बसून तो नीट कसा करायचा, सांगतो

९ ऑगस्टचा आदिवासी दिन जवळ आला, नाहीतर १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडांची जयंती आली की शाळा-कॉलेजातनं फर्मान निघतं, आदिवासी उठावांवर चार्ट करा, भाषण करा, पीपीटी करा. मग नवी पेठेतनं कार्डशीट येतात, मोबाईलवरनं एक यादी उतरवली जाते, तिलका मांझी, कोल, संथाळ, मुंडा, रम्पा, भिल्ल, प्रत्येकापुढं सन आणि नेत्याचं नाव, मधोमध बिरसांचं चित्र, चौकटीला स्केचपेननं वेलबुट्टी, की झालं. स्पर्धा परीक्षावाल्यांचं पण तेच, फक्त कार्डशीटच्या जागी वही. यादी पाठ होते हो, पण "का उठली बे ही माणसं?" म्हणून कोणी विचारलं की सगळ्या उठावांना एकच उत्तर, इंग्रजांचा अन्याय. आता अन्याय तर सगळ्यांवरच होता की, मग सह्याद्रीतला कोळी १८४४ ला उठला आणि आपल्या इकडचा ज्वारी पिकवणारा शेतकरी त्या साली नाही उठला, हे कसं काय?

म्हणून मी पोरांना उलटीकडनं सुरू करायला सांगतो. उठाव कसा दडपला, तिथनं. सरकारनं कुणाच्या डोक्यावर इनाम लावलं, कुणाला नोकरी देऊन गप्प केलं, कुणाच्या घरच्यांना धरलं, आणि सगळं शांत झाल्यावर कुठला कायदा केला, हे एकदा बघितलं की उठाव कशावरनं झाला ते आपोआप समोर येतं, कारण सरकारला ते बरोबर माहीत होतं, फक्त ते 'कारणे' असा मथळा देऊन लिहीत नव्हते. या पद्धतीनं चार शीटमध्ये काम कसं करायचं ते खाली लिहितोय. दहावीतल्या पोराला जमेल, एमएवाल्यालाही चालेल.

आधी एकच उठाव निवडा

बारा उठाव घेतले तर बारा ओळी होतात. एक घेतला तर गोष्ट होते. सर म्हणतील "बाकीचे पण घ्या", तर बाकीचे तुलनेपुरते दोन-दोन ओळीत येतीलच, त्याची काळजी नको.

कुठला घ्यायचा? सोलापूरकरांना मी राघोजी भांगरे घ्या म्हणतो. गडी अकोले तालुक्यातल्या देवगावचा, महादेव कोळी, सगळा उठाव नाशिक-नगर-पुणे-ठाण्याच्या डोंगरातला, पण त्यांना पकडलं कुठं तर पंढरपुरात, २ जानेवारी १८४८ ला, लेफ्टनंट गेल नावाच्या अधिकाऱ्यानं. पुढं ठाण्याच्या जेलमध्ये २ मे १८४८ ला फाशी. आपल्यातली हजारो माणसं वारीला जातात, एकादशीला जातात, पण पंढरपूरच्या नावाला जोडून ही गोष्ट सांगणारा माणूस मला तरी क्वचितच भेटतो. नकाशावर देवगाव आणि पंढरपूर दोन्हीवर टिंब टाका, मधलं अंतर बघा, अडीचशे-तीनशे किलोमीटर सहज भरतं. भंडारदऱ्याच्या डोंगरात ज्याला चार जिल्ह्यांचे पोलीस शोधत होते तो इतक्या लांब येऊन सापडतो, एवढ्या एका गोष्टीवर वर्ग गप्प होऊन ऐकतो.

दुसरा कुठला घ्यायचा असेल तर महाराष्ट्रातला नाहीतर हद्दीलगतचाच घ्या, कागद मिळायला सोपं जातं. पुरंदरचे उमाजी नाईक, सेंधव्याच्या घाटातले खाज्या नाईक, सिन्नरकडचे भागोजी नाईक, चांद्याचे बाबूराव शेडमाके. उमाजी रामोशी, म्हणजे आजच्या सरकारी यादीप्रमाणं ते अनुसूचित जमातीत नाही तर विमुक्तांमध्ये येतात, त्यामुळं एखादे परीक्षक "हा आदिवासी उठाव आहे का" म्हणून अडवतील. अडवले तर अडवू दे, त्या काळी इंग्रजांनी रामोशी, भिल्ल आणि कोळी या तिघांना एकाच नजरेनं बघितलं आणि एकाच पद्धतीनं वागवलं असं सांगायचं. पण एक करा, आजचा जात पडताळणीचा वाद प्रोजेक्टमध्ये ओढू नका. आपल्या जिल्ह्यात तो विषय किती तापलेला आहे ते सगळ्यांना माहितीय, कोर्टाचं काम कोर्टात होऊ दे.

कागद कुठनं काढायचे

जुनी बॉम्बे प्रेसिडेन्सीची गॅझेटियर्स नेटवर फुकट मिळतात, राज्य शासनाच्या गॅझेटियर विभागानंही ती टाकलेली आहेत. इंग्रजी जुनं आहे पण अवघड नाही. राघोजींसाठी एक पुस्तक पुरत नाही, कारण उठाव चार जिल्ह्यांच्या हद्दीवरचा, म्हणून ठाणे (१८८२), नाशिक (१८८३), नगर (१८८४) आणि पुणे (१८८५) हे चारही खंड उघडायचे. हद्दीवर राहण्यात उठाववाल्यांची युक्ती होती, घाटाखालचा अधिकारी ठाण्याचा, घाटावरचा नगरचा, एकानं पाठलाग केला की दुसऱ्याच्या हद्दीत उतरायचं, आणि आज तुम्हाला चार खंड उघडावे लागतात ते त्यामुळंच.

सर्च करताना 'भांगरे' असं टाकून काही सापडणार नाही. 'भांगरिया' असं टाका, शेवटी आर-आय-ए. कोळी हे के-ओ-एल-आय. भिल्ल हे बी-एच-आय-एल, शेवटी एकच एल. आपलं गाव 'शोलापूर', म्हणजे एस-एच नं सुरू होणारं. आणि फक्त 'हिस्ट्री' हे प्रकरण वाचून थांबू नका, पोरं इथंच थांबतात. 'पॉप्युलेशन'मध्ये त्या जमातीची माहिती असते, 'जस्टिस'मध्ये पोलीस आणि टोळ्या असतात, आणि सगळ्यात भारी म्हणजे 'कॅपिटल' नावाचं प्रकरण, नाव वाचून कोणी उघडत नाही पण सावकार कोण, व्याज किती, कर्जाचं खत कसं लिहून घ्यायचे, हे सगळं त्यात असतं. उठावाचं अर्धं कारण तिथं झोपलेलं असतं.

इंग्रजी जमत नसेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात नाहीतर कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन मराठीत काय आहे ते विचारा, लायब्रेरियनला "आदिवासी उठाव" असं मोघम न विचारता "राघोजी भांगरे, १८४८" असं नेमकं विचारा, नाहीतर ते गाईड हातात देतील.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, हे सगळे कागद पकडणाऱ्यांनी लिहिलेत. उमाजींचा पाठलाग ज्या कॅप्टन मॅकिन्टॉशनं केला त्यानंच पुढं रामोश्यांवर सविस्तर लिहिलं, आणि महादेव कोळ्यांवरही त्यानंच लिहिलं. म्हणजे माहिती खच्चून भरलेली आहे पण चष्मा पोलिसाचा. त्यानं दिलेली गावांची नावं, तारखा, रकमा घ्या. त्यानं दिलेलं स्वभाववर्णन सोडून द्या.

पहिली शीट: काय काढून घेतलं

कोळ्यांकडं आणि रामोश्यांकडं पेशवाईत किल्ल्यांची राखण होती, घाटवाटांची राखण होती, त्याबद्दल जमिनी होत्या, हक्क होते. १८१८ ला पेशवाई गेली. इंग्रजांनी किल्ले निकामी केले, पायऱ्या फोडल्या, तट पाडले, आता किल्लाच नाही म्हटल्यावर राखणदार कशाला, म्हणून ते हक्क गेले किंवा कमी झाले. पुरंदरच्या रामोश्यांचं हेच झालं आणि उमाजींची गोष्ट तिथनं सुरू होते. खानदेशात भिल्लांच्या नाईकांचं घाटांवरचं उत्पन्न असंच. वर शेतसारा रोखीत, आणि रोख कुणाकडं तर सावकाराकडं.

इथं एक चूक सगळीकडं दिसते ती तुम्ही करू नका. 'जंगल कायदा' हे कारण सगळ्या उठावांना चिकटवतात. पहिला वन कायदा १८६५ चा, कडक झाला तो १८७८ चा. राघोजींना तर १८४८ लाच फाशी झाली. मग त्यांच्या उठावाला जंगल कायदा कारण कसा होईल? बस्तरचा १९१० चा भूमकाल उठाव घ्या, अल्लुरी सीताराम राजूंचा १९२२ ते २४ चा रम्पा भागातला उठाव घ्या, तिथं जंगलबंदी अगदी मुख्य कारण आहे. आपल्याकडं १९३० ला चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यात नाग्या कातकरी गेले, तिथंही आहे. पण १८५० च्या आतल्या उठावाला वतन, किल्ला, सारा आणि सावकार हीच कारणं शोधायची.

दुसरी शीट: मारलं कुणाला

ही शीट छोटी ठेवा पण ठेवाच, कारण 'दरोडेखोर की क्रांतिकारक' या प्रश्नाचं उत्तर हिच्यात आहे. राघोजींच्या बाबतीत गॅझेटियरमध्येच असं येतं की सावकारांच्या तक्रारीवरनं पोलीस त्यांच्या आईकडं गेले, पोरगा कुठाय विचारलं, तिनं सांगितलं नाही म्हणून तिचा छळ केला, आणि त्यानंतर राघोजींनी सावकारांची नाकं कापायला सुरुवात केली. हे सरकारनं छापलेल्या पुस्तकात आहे. नाक कापणं काय चांगली गोष्ट नाही, ते झाकू पण नका, जसं आहे तसं लिहा. पण आधी आईचं लिहा आणि मग नाकाचं, क्रम उलटा केला की गोष्ट बदलते.

सोलापूरशी जोडायचं असेल तर इथं जोडा. राघोजींनंतर सत्तावीस वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं काढून जाळली, दंगा पुणे-नगरभर पसरला. ते काय आदिवासी नव्हते, साधे कुणबी होते, पण राग त्याच कागदावर होता. त्यानंतर १८७९ ला सरकारनं डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट केला, दख्खनच्या शेतकऱ्याला सावकारापासून थोडं वाचवणारा, आणि तो लावला चार जिल्ह्यांना, पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर. डोंगरातल्या कोळ्यानं हेच भांडण केलं तेव्हा फाशी, मैदानातल्या शेतकऱ्यांनी केलं तेव्हा आधी धरपकड आणि मग कायदा. का? यावर वर्गात भांडण लावून द्या, मजा येते.

तिसरी शीट: दडपलं कसं

ही सगळ्यात मोठी शीट, दोन कार्डशीट जोडा लागल्या तर. इथं 'क्रूरपणे दडपला' असं लिहून कोणी पुढं गेलं तर मी ती शीट परत करायला लावतो. क्रूरपणे म्हणजे कसं? कुठल्या हत्यारानं, कुणाच्या हातनं, किती पैसे देऊन?

इनाम. उमाजींना पकडून देणाऱ्याला १० हजार रुपये आणि ४०० बिघे जमीन जाहीर केली होती. त्या काळचे १० हजार. त्यांना डिसेंबर १८३१ ला भोरकडं उत्रोळीला पकडलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिली. पोस्टरवर हा आकडा ठळक लिहा, कारण एवढी रक्कम लावावी लागली याचा अर्थ साध्या पोलिसी बळानं माणूस हाती लागत नव्हता, गावं त्याला लपवत होती. म्हणून मी म्हणतो इनाम किती मोठं त्यावरनं पाठिंबा मोजा.

माफी आणि नोकरी. हे पोरांना माहीतच नसतं. फाशी ही शेवटची पायरी, त्याच्या आधी सरकार चक्क पगार द्यायला तयार असायचं. उमाजींनाही मधे माफी देऊन सरकारी कामावर घेतलं होतं, पण ते टिकलं नाही. खानदेशात भिल्लांच्या नाईकांना पेन्शनी बांधून दिल्या. खाज्या नाईक तर सेंधव्याच्या घाटात आग्रा रोडवर सरकारचेच राखणदार, पोलिसात नोकरीला होते, पुढं कैदेत गेले, आणि १८५७ ला तोच घाट त्यांनी इंग्रजांवर उलटवला, सरकारी खजिना लुटला. त्यांना नमवायला एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला फौज घालावी लागली. म्हणजे ज्याला नोकरी देऊन गप्प केलं तोच पुढं उठला. भागोजी नाईक पण आधी नगरच्या पोलिसातलेच.

त्यांच्यातल्याच माणसांची पलटण. माझ्या मते सगळ्या दडपशाहीतला हा सगळ्यात हुशार डाव. १८१८ ला खानदेश ताब्यात घेतल्यापासून भिल्ल ऐकत नव्हते, फौजा घालून डोंगरात ताप येऊन शिपाई मरायचे पण भिल्ल हाती लागायचे नाहीत. मग १८२५ ला जेम्स औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल कोअर उभी केली, भिल्लांनाच बंदूक, वर्दी, पगार. पुढची वर्षं भिल्लांचा माग भिल्लच काढायला लागले. कोळ्यांचं तर याहून वाईट. राघोजींना १८४८ ला फाशी दिली, आणि दहा वर्षं उलटायच्या आत, १८५७ ला भागोजी नाईकांच्या भिल्लांनी नांदूर शिंगोट्याला पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्रीला मारलं तेव्हा, कॅप्टन नटॉलनं कुणाची पलटण उभी केली तर कोळ्यांची, सहाशे जणांची. राघोजींच्याच डोंगरातली माणसं. भागोजी ११ नोव्हेंबर १८५९ ला साउटर नावाच्या अधिकाऱ्याच्या माणसांशी लढताना पडले, आणि काम झाल्यावर मार्च १८६१ ला कोळ्यांची पलटण मोडून टाकली. पगार बंद, घरी जा.

आता पोस्टरवर 'कोळी विरुद्ध इंग्रज' असा सरळ बाण काढता येतो का सांगा. नाही येत. बाण वाकडा काढा, १८४८ ला एक दिशा, १८५७ ला दुसरी. बघणारे थांबतात आणि विचारतात, "हे असं का?" विचारू दे की. उत्तर सोपं आहे, हक्क गेल्यावर हातात काम नव्हतं, आणि ज्या कामाची पिढ्यानपिढ्या सवय, म्हणजे डोंगर राखणं, त्याच कामाचा पगार सरकार देत होतं. १८१८ ला जे काढून घेतलं तेच सरकारनं गरज पडल्यावर चार वर्षांपुरतं परत दिलं. हीच ओळ पहिल्या शीटशी दोरा लावून जोडा, लाल लोकर टाचणीनं टोचून.

मार्शल लॉ. हे महाराष्ट्राबाहेरचं उदाहरण घ्या. ३० जून १८५५ ला भोगनाडीहला सिदो-कान्हूंच्या हाकेनं संथाळ जमले, हूल म्हणजे त्यांचा उठाव सुरू झाला, नोव्हेंबर १८५५ मध्ये सरकारनं त्या भागात मार्शल लॉ लावला. बाकीच्या शहरात मार्शल लॉ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, आपल्याकडं नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात तो लागला होता, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले, चार हुतात्म्यांचे पुतळे रोज डोळ्यासमोर आहेत. म्हणून संथाळांचं सांगताना "आपल्याकडं १९३० ला जे झालं तेच तिकडं १८५५ ला, फक्त कितीतरी मोठं, आणि समोरच्यांच्या हातात धनुष्यबाण" एवढं म्हटलं की पुरतं. मेलेल्यांचा आकडा १५ ते २० हजार असा सांगतात, तो अंदाज आहे, पुढं 'अंदाजे' लिहा.

चौथी शीट: नंतर काय केलं

इथं दोन प्रकारचे कायदे येतात आणि ते शेजारी-शेजारी लावायचे.

एक प्रकार म्हणजे उठाव झाल्यावर थोडं ऐकून घेतलेलं. संथाळांच्या हुलानंतर त्याच साली संथाळ परगणा वेगळा केला. बिरसांना ३ फेब्रुवारी १९०० ला पकडलं, ९ जून १९०० ला रांचीच्या जेलमध्ये ते गेले, सरकार म्हणालं कॉलरा, लोकांना ते कधी पटलं नाही, आणि १९०८ ला छोटा नागपूर टेनन्सी ॲक्ट आला ज्यात आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हातात जायला आडकाठी केली. बिरसा गेल्यावर आठ वर्षांनी सरकारनं मान्य केलं की भांडण जमिनीचं होतं. सुरुवातीला म्हटलं ना, दडपणाऱ्याला कारण माहीत असतं, ते हे.

दुसरा प्रकार उलटा, १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट. यात अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सुरुवातीला तो उत्तरेत, १९११ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातही पसरला. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, पास काढल्याशिवाय गाव सोडायचं नाही, आणि ज्यांच्यावर जास्त संशय त्यांना सेटलमेंटमध्ये, म्हणजे कुंपणाच्या वस्तीत ठेवायचं.

आणि सेटलमेंट म्हटल्यावर सोलापूरकराला काय सांगायचं, रिक्षावाल्याला नुसतं "सेटलमेंट" म्हटलं तरी बरोबर नेऊन सोडतो. तारेचं कुंपण, हजेरीची घंटा, आणि दिवसा गिरणीत काम. इथल्या कापड गिरण्यांना कामगार पाहिजे होते आणि सेटलमेंटमध्ये माणसं होती, दोघांची सोय झाली, माणसांना विचारलं कुणी नाही. कैकाडी, पारधी, टकारी, मांग-गारुडी अशा बऱ्याच जमातींची माणसं मुंबई इलाख्याच्या सेटलमेंटांमध्ये आणून ठेवली होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन. देश १९४७ ला सुटला, ही माणसं पाच वर्षांनी.

इथं जपून. सेटलमेंटमधल्या सगळ्या जमाती उठाव केलेल्या नव्हत्या, त्यामुळं 'उठाव केला म्हणून सेटलमेंटमध्ये टाकलं' असं सरसकट लिहू नका, ते खोटं होईल. खरं एवढंच की डोंगरातल्या उठावांनी सरकारच्या मनात जी भीती बसली, फिरता माणूस म्हणजे धोका, हत्यार बाळगणारी जात म्हणजे धोका, त्या भीतीनं पुढं ज्यांनी कधी दगड पण उचलला नव्हता तेही कुंपणात गेले.

आणि प्रोजेक्टसाठी सेटलमेंटमध्ये जायचं असेल तर मोबाईल काढून घरोघरी व्हिडिओ करत फिरू नका हो, हे दरवर्षी कोणीतरी करतं. ओळखीतनं जा, आधी विचारा, जेवढं सांगतील तेवढं ऐका, नाव लिहू का ते विचारा, नको म्हटले तर नाही लिहायचं. पोस्टरवर 'गुन्हेगार जमात' असं मोठ्या अक्षरात लिहून खाली त्यांच्या घराचा फोटो लावलेला मी बघितलाय, तसलं काही केलं तर कायद्याचंच काम पुढं नेल्यासारखं होईल.

टाचणी मारायच्या आधी तपासा

तीन-चार गोष्टी पटकन. १८५८ च्या आधी कुणाला अंदमानला काळ्या पाण्यावर पाठवलं असं लिहिलेलं दिसलं तर थांबा, पोर्ट ब्लेअरची कैद्यांची वसाहत मार्च १८५८ ला सुरू झाली, त्याच्या आधी तिथं एक छोटी वसाहत होती ती १७९६ लाच बंद पडली होती. १८३० च्या नाहीतर १८४० च्या माणसाला नेटवरच्या लेखात बिनधास्त अंदमानला पाठवलेलं असतं. सेल्युलर जेल तर अजून पुढचं, १९०६ चं.

चित्रं. राघोजी, उमाजी यांची जी चित्रं फिरतात ती नंतरच्या कल्पनेतली आहेत, लावा, पण खाली 'काल्पनिक चित्र' लिहा. बिरसांचा अटकेतला फोटो मात्र छापलेला आहे. एआयनं केलेली पिळदार दंडाची चित्रं नकोत, सगळे एकाच जिममधले दिसतात.

आकडे. राजस्थान-गुजरातच्या हद्दीवर मानगढला १७ नोव्हेंबर १९१३ ला गोविंद गुरूंच्या भिल्ल भक्तांवर गोळीबार झाला, तिथं दीड हजार गेले असं लोक सांगतात, सरकारी कागदात आकडा कितीतरी कमी. दोन्ही बाजू लिहा, कुणी म्हटलं तेही लिहा. आणि जिल्हे. आजचा जिल्हा आणि तेव्हाचा जिल्हा एक नाही, 'आजच्या सोलापूर जिल्ह्यातलं पंढरपूर' असं लिहिलं की कोणी धरू शकत नाही.

भाषण असेल तर

पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात स्वागत आणि शेरोशायरीला दोन मिनिटं घालवू नका. सरळ "राघोजी भांगऱ्यांना आपल्या पंढरपुरात पकडलं" इथनं सुरू करा, मग मागं जा, आई, सावकार, किल्ले, मग पुढं या, कोळ्यांची पलटण, शेवटी सेटलमेंट. सन तोंडपाठ चार-पाचच ठेवा, १८१८, १८४८, १८५७, १८७१, १९५२. बाकीचे शीटवर आहेत.

प्रश्नोत्तरात एक प्रश्न हमखास येतो, "फितूर कोण होता, नाव सांगा." पुस्तकात काही नावं आहेत, उमाजींच्या बाबतीत तर आहेच. पण स्टेजवरनं नाव घेतलं की लगेच त्याची जात निघते, आडनाव निघतं, आणि हॉलमध्ये त्या आडनावाचं एखादं पोरगं बसलेलं असतंच. त्याच्याऐवजी इनामाची रक्कम सांगा, १० हजार रुपये आणि ४०० बिघे, आणि विचारणाऱ्यालाच उलट विचारा की त्या साली सारा भरायला पैसे नसलेल्या घरात ही दवंडी ऐकू आली असती तर काय झालं असतं. फारच हट्ट धरला तर पुस्तकाचं पान दाखवा, तिथं वाचून घे म्हणावं, आणि पुढचा प्रश्न घ्या.